शुल्कमाफी आणि निर्वाह भत्ता: गाव सोडून शिकायला जाताना

बारावीनंतरच्या प्रवेशांच्या काळात, विशेषतः 2024 पासून, अनेक घरांत एक समज पक्का झालेला दिसतो: मुलीचे शिक्षण आता मोफत झाले आहे, त्यामुळे तिला पुण्याला किंवा नागपूरला पाठवण्यास अडचण उरलेली नाही. हा समज अर्धाच खरा आहे. शुल्कमाफी आणि निर्वाह भत्ता या दोन वेगळ्या सवलती आहेत, त्यांचे नियम व अर्ज वेगळे आहेत, आणि घरापासून दूर जाणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष बहुधा दुसऱ्या सवलतीवर तरते.

आधी शुल्कमाफी पाहू. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्वी 50 टक्के सवलत होती. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ती 100 टक्के झाली. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो; व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ मिळत नाही. ही सवलत महाविद्यालयाच्या पावतीवरील ठरावीक रकान्यांपुरती असते. मेसचे पैसे, खोलीचे भाडे, अनामत रक्कम आणि गावी जाण्या-येण्याचा प्रवास यांचा तिच्याशी संबंध नसतो. विद्यार्थिनी घरून रोज एसटीने जाते की सहाशे किलोमीटरवर राहते, याने शुल्कमाफीत एका रुपयाचाही फरक पडत नाही.

निर्वाह भत्त्याचा पायाच उलट आहे, कारण तो अंतरासाठीच दिला जातो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. शासकीय वसतिगृहासाठी पात्र असूनही जागेअभावी प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः भागवता यावा, या हेतूने ती सुरू झाली. त्यामुळे विद्यार्थी शिकतो त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, अशी तिची अटच आहे. वसतिगृहात जागा मिळाली तर ही रक्कम मिळत नाही. दोन्ही लाभ एकत्र घेता येत नाहीत, ही गोष्ट पालकांना बरेचदा उशिरा कळते. अनुसूचित जमातींसाठी स्वयम् योजना, इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

स्वाधार योजनेत मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवले गेले: भोजनाला 32,000, निवासाला 20,000 आणि इतर निर्वाहाला 8,000. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले, तर खोलीसाठी महिन्याला 2,000 रुपये येतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणालाही ही रक्कम किती तोकडी आहे हे सांगावे लागणार नाही. शिवाय भाड्याची अनामत आणि पहिल्या महिन्याचा डबा यांचे पैसे प्रवेशाच्या आठवड्यातच लागतात, तर भत्ता अर्जाची छाननी झाल्यावर बँक खात्यात येतो. मधल्या महिन्यांत कुटुंबाला उधारी करावी लागते, आणि माझ्या मते या योजनांतील सर्वांत मोठी उणीव रकमेपेक्षाही या उशिरात आहे.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. शुल्काच्या एका मोठ्या शिष्यवृत्तीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. पण खेड्यातून आलेल्या मुलाला कोल्हापुरात राहायला आणि जेवायला जागाच नसेल, तर शाळा-कॉलेजचे दार उघडे असून उपयोग नाही, हे ओळखून त्यांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि आर्थिक मदत दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 मध्ये बोर्डिंग काढले, पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले. राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे, ही जाण महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि आजच्या धोरणात शुल्काइतकाच जोर तिलाही मिळायला हवा.

प्रत्यक्ष तयारी करताना शुल्कमाफीसाठी जात, उत्पन्न आणि प्रवेश प्रक्रियेचे कागद पुरतात, तर भत्त्यासाठी स्थानिक रहिवासी नसल्याचे प्रतिज्ञापत्र, भाडे करारनामा आणि आधारशी जोडलेले बँक खाते अशी वेगळी जमवाजमव करावी लागते. घरमालक करारनामा देण्यास तयार आहे का, हे खोली ठरवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. तसेच शासकीय वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरून त्याची पोच जपून ठेवावी.