वेबपानावरील तक्ता : दृश्य संपादकातील रचना

वेबपान वाचकाला जसे दिसणार आहे तसेच समोर ठेवून त्यात थेट बदल करू देणाऱ्या साधनाला दृश्य संपादक म्हणतात. अशा संपादकात ओळी आणि स्तंभ आखणे, त्यांत मजकूर भरणे, सेल (ओळ आणि स्तंभ जिथे मिळतात तो चौकोन) जोडणे-तोडणे, रेघा, रंग व रुंदी ठरवणे हे सगळे या नोंदीत येते. रोजच्या बोलण्यात तक्त्याला ‘टेबल’, ओळीला ‘रो’ आणि स्तंभाला ‘कॉलम’ म्हणतात. टूलबारवरचे जाळीचे चिन्ह दाबायचे, उघडलेल्या चौकटींवरून माऊस फिरवायचा आणि हवे ते माप दिसले की क्लिक करायचे. कर्सर असेल तिथे रिकामा तक्ता उमटतो. काही संपादकांत जाळीऐवजी ओळी आणि स्तंभांचे आकडे विचारले जातात. इथवरचे काम अर्ध्या मिनिटाचे आहे. त्यानंतर जे त्रास सुरू होतात त्यांतले बहुतेक एकाच गोष्टीतून निघतात : पडद्यावर ओळ आणि स्तंभ दोन्ही दिसतात, पण आतल्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते तिच्यात, ओळ तेवढी खरी असते.

रचना : एचटीएमएलमध्ये तक्त्यासाठी ‘टेबल’ हा टॅग (पानाचा भाग कोणता ते सांगणारी खूण) असतो, त्याच्या पोटात प्रत्येक ओळीसाठी ‘टीआर’ आणि ओळीच्या पोटात प्रत्येक सेलसाठी ‘टीडी’ किंवा, शीर्षकाचा सेल असेल तर, ‘टीएच’. म्हणजे ओळ ही खरीखुरी पेटी आहे. तिच्यात सेल ठेवलेले असतात. स्तंभाची अशी पेटी नाही. पहिल्या ओळीतला तिसरा सेल, दुसऱ्या ओळीतला तिसरा सेल, असे मोजत खाली गेले की जे तयार होते त्याला आपण तिसरा स्तंभ म्हणतो. ‘कॉल’ नावाचा एक टॅग आहे खरा, पण त्याच्यातून रुंदी, पार्श्वभूमी असे मोजकेच गुण देता येतात. सेल त्याच्या आत राहत नाहीत. म्हणून ‘ओळ घाला’ हा आदेश संपादकासाठी सोपा असतो, कारण एक पेटी टाकली की झाले. ‘स्तंभ घाला’ म्हटल्यावर मात्र त्याला प्रत्येक ओळीत शिरून योग्य जागी एकेक सेल सारावा लागतो. साध्या तक्त्यात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. सेल जोडले की येते.

हवामानाचा एक तक्ता घेऊ. स्तंभ चार : वार, किमान तापमान, कमाल तापमान, पाऊस. शीर्षक दोन ओळींत मांडले आहे. वरच्या ओळीत ‘वार’, ‘तापमान’ आणि ‘पाऊस’ असे तीन सेल. त्यांपैकी ‘तापमान’ दोन स्तंभांवर पसरलेला, ‘वार’ आणि ‘पाऊस’ खालच्या ओळीपर्यंत उतरलेले. खालच्या ओळीत फक्त ‘किमान’ आणि ‘कमाल’. पडद्यावर सगळे चौकोनी, नीटनेटके. आत पाहिले तर पहिल्या ओळीत तीन सेल, दुसरीत दोन आणि त्याखालच्या प्रत्येक ओळीत चार. आडव्या पसरण्याचा आकडा ‘कोलस्पॅन’मध्ये आणि उभ्या पसरण्याचा ‘रोस्पॅन’मध्ये लिहिलेला असतो.

आता किमान आणि कमाल यांच्या मध्ये ‘सरासरी’चा स्तंभ हवा आहे. संपादकाने काय करायला हवे? वरच्या ओळीत नवा सेल घालायचाच नाही, ‘तापमान’चा कोलस्पॅन दोनाचा तीन करायचा, दुसऱ्या ओळीत दोन सेलांच्या मध्ये एक घालायचा, खालच्या ओळींत दुसऱ्यानंतर एक. एकाच आदेशाची तीन वेगळी कामे. याहून वाईट गोष्ट ओळ काढताना होते. कोणी वरची शीर्षक-ओळ नको म्हणून काढून टाकली आणि संपादकाने ती पेटी जशीच्या तशी उचलून फेकली, तर तिच्यासोबत ‘वार’ आणि ‘पाऊस’ही जातात, कारण ते वरच्या पेटीत राहत होते, खाली फक्त लोंबत होते. उरलेली ओळ दोनच सेलांची. ती डावीकडे सरकते आणि ‘किमान’ हे शीर्षक वारांच्या डोक्यावर जाऊन बसते. चांगला संपादक ओळ काढण्याआधी हे दोन सेल खालच्या ओळीत उतरवतो आणि त्यांचा रोस्पॅन एकावर आणतो. नवा संपादक निवडायचा असेल तर हाच प्रयोग करून पाहावा. वैशिष्ट्यांच्या लांबलचक यादीपेक्षा त्यातून जास्त कळते.

एचटीएमएलच्या प्रमाणात कोलस्पॅनची कमाल मर्यादा १,००० आणि रोस्पॅनची ६५,५३४ आहे. एवढा मोठा सेल कोणी जोडत नसते, पण आकडा चुकीचा पडला तर ब्राउझर तो कुठे थांबवतो ते यावरून कळते.

निवड : मजकूर निवडताना ब्राउझर वाचनाच्या क्रमाने जातो. एका ओळीतल्या दुसऱ्या सेलपासून खालच्या ओळीतल्या तिसऱ्या सेलपर्यंत माऊस ओढला, तर ब्राउझरच्या लेखी मधले सगळेच निवडले जाते : वरच्या ओळीचा उरलेला भाग आणि खालच्या ओळीची सुरुवातही. वापरणाऱ्याला हवा असतो फक्त चौकोन. त्यामुळे आजचे बहुतेक संपादक ब्राउझरची निवड बाजूला ठेवतात आणि सेलांना स्वतःच निळसर छटा देऊन चौकोनी निवड दाखवतात. चौकोनाच्या कडेला जोडलेला सेल आला तर चौकोन आपोआप फुगतो. हा दोष नव्हे, अर्धा सेल निवडता येत नाही एवढेच.

कळफलकावर टॅब दाबला की पुढचा सेल, शिफ्टसह टॅब दाबला की मागचा, आणि शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबला की नवी ओळ, हा वर्डसारख्या शब्दप्रक्रियकांतून आलेला रिवाज बहुतेक संपादकांनी पाळला आहे. रिकाम्या सेलची गोष्ट मात्र खास वेबची. ज्यात काहीच नाही अशा सेलला स्वतःची उंची नसते, मग कर्सर उभा कुठे राहणार? म्हणून संपादक गुपचूप त्यात ओळ तोडण्याचा एक टॅग ठेवतो आणि काहीतरी टाइप झाले की काढून घेतो. तक्ता पानाच्या अगदी शेवटी असला तर त्याच्याखाली कर्सर नेता येत नाही, ही तक्रारही जुनीच आहे. खाली परिच्छेदच नसतो. काही संपादक तक्त्याच्या कडेला एक छोटे बाणाचे बटण दाखवतात, ते यासाठीच. जिथे ते नाही तिथे तक्ता टाकण्याआधी खाली एक रिकामी ओळ सोडून ठेवावी.

इतिहास : तक्त्याचे टॅग डेव्ह रॅगेट यांनी १९९३ च्या एचटीएमएल प्लस या मसुद्यात मांडले. १९९५ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरच्या १.१ आवृत्तीने ते प्रत्यक्ष चालवून दाखवले, मे १९९६ मध्ये आरएफसी क्रमांक १९४२ हा तक्त्यांवरचा तांत्रिक दस्तऐवज आला आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये तक्त्यांना वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या शिफारशीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४.० ने तक्त्याचे डोके, धड आणि पाय असे वेगळे भाग प्रमाणात आणले.

दृश्य संपादक याच काळातले. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीचे फ्रंटपेज १९९५ मध्ये आले आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर डिसेंबर १९९७ चे. त्या दिवसांत तक्त्याचा खरा उपयोग आकडे मांडण्यापेक्षा पान मांडण्यासाठीच जास्त होई. डावीकडे सूची, मध्ये मजकूर, वर चित्रपट्टी, हे सगळे रेघा नसलेल्या तक्त्यांत, तक्त्यांच्या पोटातल्या तक्त्यांत बसवलेले असे आणि सेल हव्या त्या रुंदीचा राहावा म्हणून त्यात एक पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणून ठेवत. पानाची मांडणी व सजावट वेगळी लिहिण्याच्या सीएसएस या भाषेला ब्राउझरांचा भरवशाचा आधार मिळाला तशी ही पद्धत मागे पडली. ईमेलच्या सजवलेल्या पत्रांत ती अजून जिवंत आहे, कारण विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून पत्र दाखवण्याचे काम वर्डच्या यंत्रणेकडे दिले आणि ती यंत्रणा तक्तेच काय ते नीट ओळखते.

ब्राउझरमध्येच चालणारे संपादक शक्य झाले ते पानाचा भाग संपादनासाठी खुला करण्याच्या सोयीमुळे. ती इंटरनेट एक्सप्लोररच्या ५.५ आवृत्तीत, २००० मध्ये, आली. पुढे एफसीकेएडिटर (२००३) आणि टायनीएमसीई (२००४) घरोघरी पोचले. विकिपीडियाचा दृश्य संपादक २०१३ मध्ये मोठ्या प्रमाणावर खुला झाला तेव्हा त्यात तक्त्याची ओळ वा स्तंभ घालण्याची सोय नव्हती. ती नंतर आली. वर्डप्रेसच्या ५.० आवृत्तीने डिसेंबर २०१८ मध्ये ठोकळ्यांचा संपादक आणला, त्यात तक्ता हा एक स्वतंत्र ठोकळा आहे.

सजावट : तक्त्याला काहीच सांगितले नाही तर ब्राउझर सेलच्या आत एक पिक्सेल आणि दोन सेलांच्या मध्ये दोन पिक्सेल मोकळी जागा सोडतो. प्रत्येक सेलला बॉर्डर दिली की दोन-दोन रेघा शेजारी दिसतात त्या यामुळे. सीएसएसमधील ‘बॉर्डर-कोलॅप्स’ हा गुण त्या मिटवून एक रेघ करतो. बॉर्डरची जाडी, सेलमधली जागा, पार्श्वभूमीचा रंग हे सगळे पूर्वी टॅगमध्येच लिहीत. आता एचटीएमएलने ते गुण कालबाह्य ठरवले आहेत, तरी जुन्या पानांत ते सापडतात आणि ब्राउझर मुकाट पाळतात. संपादकातल्या ‘टेबल प्रॉपर्टीज’च्या खिडकीत भरलेली मापे आज बहुधा त्या एकाच तक्त्याच्या शैलीत जाऊन बसतात. दहा तक्त्यांना दहा वेळा हाताने रंग देण्यापेक्षा साइटच्या शैलीपत्रात (सगळ्या पानांना लागू होणाऱ्या सीएसएसच्या फाइलीत) एकदा लिहिणे बरे, हे बहुतेकांना अकराव्या तक्त्याच्या वेळी पटते.

रुंदीचे गणित थोडे फसवे आहे. नेहमीच्या पद्धतीत ब्राउझर प्रत्येक सेलमधला मजकूर पाहून स्तंभ रुंद करतो. सेलमधला सर्वांत लांब, न तुटणारा तुकडा ही त्या स्तंभाची किमान रुंदी ठरते. म्हणून कोणीतरी एका सेलमध्ये लांबच लांब वेबपत्ता चिकटवला की तो स्तंभ फुगतो, बाकीचे आक्रसतात आणि माऊसने रेघ कितीही ओढली तरी ती जागची हलत नाही. ‘फिक्स्ड’ मांडणीत ब्राउझर मजकूर पाहत नाही, दिलेली मापे आणि पहिली ओळ एवढेच पाहतो. तिथे पहिल्याच ओळीत जोडलेला सेल असेल तर त्याची रुंदी खालच्या स्तंभांत वाटली जाते आणि वेगवेगळी मापे ठेवता येत नाहीत. स्तंभांची मापे ‘कॉल’ टॅगवर दिली की हा गुंता सुटतो.

आकडे उजवीकडे आणि शब्द डावीकडे टेकवावेत. मधोमध ठेवलेले आकडे नजरेला बरे वाटतात, पण एककाखाली एकक येत नाही.

शीर्षक : ठळक अक्षर आणि शीर्षक-सेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दृश्य संपादकात सर्वांत सहज विसरले जाते. दोन्ही दिसतात सारखेच. अंध वाचक वापरतात त्या स्क्रीन रीडरला मात्र फरक कळतो : ‘टीएच’ असेल तर सेलमधल्या आकड्यासोबत तो कोणत्या स्तंभाचा तेही वाचून दाखवता येते, नुसते ठळक असेल तर फक्त आकडा ऐकू येतो. संपादकात ‘शीर्षक-ओळ’ असे बटण असते, ते दाबावे, ठळकचे नव्हे. डब्ल्यूसीएजी २.० या २००८ च्या सुगम्यता-निकषांत १.३.१ हा निकष याचसाठी आहे : नजरेला दिसणारे नाते रचनेतही असले पाहिजे. जोडलेले सेल या वाचनात बरेचदा गोंधळ करतात. वरच्या हवामानाच्या तक्त्यात ‘किमान तापमान’ आणि ‘कमाल तापमान’ असे पूर्ण लिहून एकच शीर्षक-ओळ ठेवली असती तर काहीही बिघडले नसते.

चिकटवणे : स्प्रेडशीट किंवा वर्डमधून तक्ता कॉपी केला की क्लिपबोर्डवर एकाच मजकुराची दोन-तीन रूपे जातात, एक साधे, टॅबने तोडलेले, आणि एक एचटीएमएलचे, मूळ सजावटीसकट. संपादक दुसरे उचलतो. त्यासोबत वर्डचे ‘एमएसओ’ने सुरू होणारे गुण, फाँटची नावे आणि पॉइंटांतली मापे येतात, साइटचा रंग बदलला तरी हा तक्ता आपलाच रंग धरून बसतो तो म्हणूनच. चांगले संपादक ही घाण गाळतात. ‘साधा मजकूर म्हणून चिकटवा’ केले तर घाण जाते, पण पुष्कळदा तक्ताही जातो आणि आकड्यांची नुसती रांग उरते. सजावट पुसण्याचे बटण चिकटवल्यानंतर वापरणे हा मधला मार्ग.

कोड उघडून हात घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. दोन ओळींच्या मध्ये, कोणत्याही सेलच्या बाहेर, एखादे वाक्य लिहिले तर ब्राउझर ते तिथे ठेवत नाही. उचलून तक्त्याच्या वर नेऊन टाकतो. धड दाखवणारा ‘टीबॉडी’ टॅग लिहिला नसेल तर तो मात्र स्वतःच घालून घेतो.

मोबाईलवर : अरुंद पडद्यावर सात-आठ स्तंभ मावत नाहीत. सर्वांत कमी धोक्याचा उपाय म्हणजे तक्त्याभोवती आडवे सरकणारे वेष्टन देणे, म्हणजे पान जागेवर राहते आणि तक्ता बोटाने सरकतो. हे करणार असाल तर ओळीची ओळख पटवणारा स्तंभ डावीकडे पहिला ठेवावा. दुसऱ्या उपायात प्रत्येक ओळ सुटे कार्ड बनते आणि सेल एकाखाली एक येतात. त्यात स्तंभ उरतच नाही, आणि ‘१२’ हे किमान की कमाल हे वाचकाला कळावे म्हणून स्तंभाचे शीर्षक प्रत्येक सेलला वेगळे चिकटवावे लागते. बहुतेक दृश्य संपादक हे काम आपणहून करत नाहीत. ते साइटच्या शैलीपत्रात किंवा एखाद्या प्लगइनमध्ये करावे लागते.