घरच्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये जंबो कोळंबी : नाशिकच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे टाकीतलं पाणी शेजारच्या खडीच्या वाफ्यात फिरवून त्यावर भाजी वाढवायची आणि तेच पाणी परत टाकीत आणायचं. आमच्याकडे टाकी बघायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "हजार लिटरमध्ये कोळंबी किती बसतील?" याचं उत्तर लिटरमध्ये देता येत नाही. मासा पाण्यात राहतो, कोळंबी तळावर राहते. ती तळावर चालते, तळावर खाते आणि तळातल्याच जागेसाठी भांडते. टाकी पुरुषभर खोल असली तरी वरचं पाणी तिच्या फारसं कामाचं नसतं. म्हणून टाकी घेताना तळ मोजा.

लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी हजार लिटरची टाकी घेतली, तर तिचा तळ साधारण १.२ चौरस मीटर भरतो. गच्चीवरच्या उभ्या गोल टाकीत पाणी तेवढंच मावतं, पण तळ त्याहून लहान असतो. एका चौरस मीटरला ८ ते १० कोळंबी हा आमचा हिशेब. आत जाळीचे उभे पडदे आणि पाइपचे तुकडे रचून लपायच्या जागा वाढवल्या, तर पिंजऱ्याच्या टाकीत एकूण २० पर्यंत जाता येतं. त्यातल्या सगळ्या शेवटपर्यंत टिकत नाहीत. टिकतील त्या ३० ते ४० ग्रॅमच्या धरल्या, तर हंगामाअखेर घरच्या चौघांचं एक-दोन वेळचं कालवण होतं. हा आकडा ऐकून कुणाचा विरस झाला तरी चालेल, पण टाकी घरी नेण्याआधी तो कळलेला बरा. विक्रीसाठी कोळंबी करायची असेल तर शेततळ्याचा विचार करा, गच्चीचा नको.

आणि गच्चीवर ठेवणार असाल तर हजार लिटर म्हणजे एक टन, हे विसरू नका. खडीच्या वाफ्याचं वजन त्याहून वेगळं. इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला दाखवा. टाकी स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई असेल तिथे ठेवा.

कोणती कोळंबी?

आम्ही देतो ती गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी, शास्त्रीय नाव मॅक्रोब्रेकियम रोझनबर्गी. व्यापारात तिला स्कॅम्पी म्हणतात. शेतात वाढवलेली जी कोळंबी बाजारात सर्रास मिळते ती बहुतेक वेळा व्हॅनामेई असते. ती खाऱ्या पाण्यातली जात आहे, तिचा आणि या टाकीचा संबंध नाही. आपल्या गोदावरीच्या नावाने ओळखली जाणारी मॅक्रोब्रेकियम माल्कमसोनी ही जंबोचीच बहीण, पण ती आकाराने लहान राहते.

पिल्लं घरच्या घरी होतील का, असंही खूप जण विचारतात. मादी अंडी धरते, पोटाखाली ती नारिंगी गुच्छासारखी दिसतात आणि पिकत आली की करडी होतात. पण त्यातून निघणाऱ्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं. नदीतली मादी त्यासाठीच खाली खाडीकडे उतरते. गोड्या पाण्यात अळ्या काही दिवसांत मरतात. मचूळ पाणी केलं तर तुमच्या वाफ्यातली पालकाची भाजी जगणार नाही. त्यामुळे बीज, म्हणजे कोळंबीची बारीक पिल्लं, दर वर्षी किनारपट्टीच्या हॅचरीतूनच (अंडी उबवून पिल्लं करणाऱ्या केंद्रातूनच) आणावं लागतं. अगदी बारीक बीज टाकीत सोडलं की त्याची मर फार होते, म्हणून आम्ही ते इथे काही आठवडे वाढवून, बोटाच्या दोन पेरांएवढं झाल्यावर देतो. पैसे थोडे जास्त पडतात, पण आमच्या मते घरच्या टाकीसाठी हाच एक रास्त मार्ग आहे.

नाशिकची थंडी

किनारपट्टीवरचं कुठलंही वेळापत्रक इथे लागू करू नका. या कोळंबीला २६ ते ३१ अंशांचं पाणी मानवतं. पाणी २० च्या खाली गेलं की ती खाणं सोडते, वाढ थांबते. १४-१५ अंशांच्या आसपास ती मरायला लागते. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली उतरतो, निफाडला तर ५ च्याही खाली गेलेला आहे. उघड्या गच्चीवर टनभर पाणी हीटरने रात्रभर ऊबदार ठेवायचं म्हटलं, तर कोळंबीपेक्षा विजेचं बिल महाग पडेल. म्हणून वर्षाला एकच हंगाम.

शिव शिव म्हणत थंडी गेली की मगच बीज. आम्ही ते होळीच्या सुमारास देतो. सप्टेंबरपासून मोठ्या कोळंबी काढायला सुरुवात करा आणि दिवाळीनंतर लगेच टाकी रिकामी करा. श्रावण मध्येच येतो, तेव्हा तशीही त्या वाढीलाच असतात. एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी. पाणी ३३-३४ च्या वर जाऊ देऊ नका. टाकीवर हिरवी शेडनेट ताणा, आणि उन्हाने आटलेलं पाणी रोज थोडं थोडं भरा. थर्मामीटर तळाशी सोडा आणि वाचन पहाटे घ्या. पहाटेचा आकडा सगळ्यात कमी असतो, आणि कोळंबीचं जगणं त्यावर ठरतं.

पाणी आणि त्यातले जीवाणू

अ‍ॅक्वापोनिक्सचं काम कोळंबी किंवा झाडं करत नाहीत, जीवाणू करतात. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि ते नायट्रेट झाडं उचलतात. पहिली दोन्ही द्रव्यं कोळंबीला विषारी आहेत. हे जीवाणू खडीवर वस्तीला यायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून टाकी जानेवारीअखेरीस चालू करा आणि आधी मूठभर गप्पी मासे सोडा. त्यांच्यामुळे जीवाणूंना खुराक मिळतो आणि डासांच्या अळ्याही संपतात. थंडीत जीवाणू मंद असतात, तेव्हा वेळ जास्त लागला तर घाई करू नका. पाणी तपासायच्या थेंबांच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतील तेव्हाच बीज न्यायला या. किट दाखवा, नाहीतर आम्ही बीज देणार नाही.

नळाचं पाणी उघड्या पिंपात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं. बोअरच्या पाण्यात वेगळी अडचण असते, ती म्हणजे कठीणपणा. कवचासाठी कोळंबीला कॅल्शियम हवंच, पण पाणी फार जड असेल, लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या वर, तर वाढ खुंटते आणि अंगावर पुटं चढतात. टीडीएस मीटरवर कठीणपणा कळत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. आम्ही ती दुकानात करून देतो. बोअर जड निघाला तर नळाचं किंवा गच्चीवरून पडणारं पावसाचं पाणी मिसळा.

पीएच ७ ते ८ च्या दरम्यान राहू द्या. जीवाणूंच्या कामाने तो महिनोन् महिने हळूहळू उतरत जातो. तो सावरायला चुना टाकू नका, पीएच एकदम उडी मारतो. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती शिंपल्यांची चुरी कापडी पुरचुंडीत बांधून पाण्याच्या धारेखाली ठेवा. ती लागेल तेवढीच विरघळते आणि कवचालाही कॅल्शियम पुरवते.

ज्या गोष्टींनी टाकी एका रात्रीत संपते

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कोळंबी ही किड्यांच्या दूरच्या नात्यातली आहे. किड्यांना मारणारं जवळजवळ प्रत्येक औषध तिलाही मारतं, आणि माशाला सहज सोसेल अशा मात्रेत मारतं. मासे मजेत फिरताहेत आणि कोळंबी आडव्या पडल्यात असं दिसलं, तर पहिला संशय औषधाचा घ्या.

नाशिकमध्ये सगळ्यात मोठा धोका द्राक्षबागेचा. बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि तांबं कोळंबीला फार थोड्या मात्रेतही घातक ठरतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे घर बागेला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी टाकी ताडपत्रीने झाका आणि हवेचा पंप आत घ्या. बागेत वापरलेली बादली, मग, पाइप टाकीला लावू नका, कितीही धुतला तरी. झाडांना पिवळेपणा आला म्हणून बागेचं मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य ओतू नका, त्यात बहुतेक वेळा तांबं आणि जस्त असतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. त्यासाठी फक्त चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारं) लोह द्या, लिटरला २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने.

शहरात धोका डासांच्या औषधाचा. कॉइल, लिक्विड मशिन, स्प्रे यांत पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं असतात. एअर पंप ज्या खोलीत आहे तिथली हवा ओढून तो थेट पाण्यात सोडतो. बाल्कनीत टाकी आणि पंपाशेजारी रात्रभर मशिन चालू, अशी मांडणी आम्हाला वारंवार दिसते. पावसाळ्यात गल्लीत धूर फवारणी होते तेव्हा पंप थोडा वेळ बंद करून टाकी झाका, हवा निवळली की लगेच चालू करा. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी घरोघर पाण्याची भांडी तपासतात आणि अळ्या दिसल्या तर टेमेफॉससारखं औषध टाकतात. त्यांचं काम महत्त्वाचंच आहे. त्यांना टाकीतले गप्पी दाखवा आणि इथे खाण्याची कोळंबी आहे हे सांगा. तुम्ही कामावर असाल तर टाकीवर ठळक पाटी लावा. आम्ही ती टाकीबरोबर देतो.

कात टाकणं

कोळंबीचं कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं असेल तर तिला ते टाकावंच लागतं. लहान असताना आठवड्याभरातच, मोठी झाल्यावर महिन्याने वगैरे. सकाळी तळावर अख्खी कोळंबी पडलेली दिसते, मिशा, पाय, डोळ्यांच्या टोप्या सगळं जागच्या जागी, आणि पहिल्यांदा पाहणारा दचकतो. चिमटीत धरून उजेडात बघा : आरपार दिसत असेल आणि मानेमागे फट असेल तर ती कात आहे. ती तिथेच राहू द्या, कोळंबी ती खाऊन कॅल्शियम परत मिळवते.

कात टाकलेली कोळंबी काही तास मऊ असते आणि नेमकी तेव्हाच बाकीच्या तिला खातात. टाकीतली बहुतेक मर अशी होते, आजाराने नव्हे. म्हणून लपायच्या जागांवर कंजुषी नको. दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे, फुटकी कौलं, नारळाच्या काथ्याचे गुंडे, जुन्या मच्छीजाळीचे पडदे, काहीही चालेल. प्रत्येक कोळंबीमागे किमान एक पाइप. रात्री टॉर्च मारला की डोळे लालसर चमकतात. ते सगळे एकाच कोपऱ्यात दिसले तर जागा कमी पडते आहे.

वाढही सारखी होत नाही. एकाच दिवशी सोडलेल्या नरांत एखादा लांब निळ्या नांग्यांचा होऊन बसतो आणि त्याच्या धाकात बाकीचे खुरटे राहतात. तो निळ्या नांगीचा नर आधी काढा. मागचे नारिंगी नांगीवाले पुढच्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढतात. ठरावीक दिवशी सगळी टाकी उपसण्यापेक्षा असं निवडून काढण्यात घरच्या माणसाचा जास्त फायदा आहे.

झाडं किती पोसतील?

तरंगत्या वाफ्यावर (पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर) १ चौरस मीटर पालेभाजी पोसायला दिवसाला साधारण ६० ते १०० ग्रॅम खाद्य खाणारी टाकी लागते. वीस-वीस ग्रॅमच्या २० कोळंबी दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास खातात. म्हणजे नुसत्या कोळंबीवर पुदिना, कोथिंबीर, थोडी पालक, एवढंच. टोमॅटो-मिरचीचा हट्ट असेल तर शेजारी माशांची वेगळी टाकी जोडा. रोहूची बोटुकली किंवा कोई चालतील. पाणी माशांकडून खडीच्या वाफ्यात आणि तिथून गाळून कोळंबीकडे येऊ द्या. हे मासे आणि कोळंबी एकाच टाकीत ठेवू नका : ते मऊ कोळंबी खातात, मोठी कोळंबी झोपलेला मासा धरते. तिलापियाला परवाना लागतो आणि थाई मांगूरवर बंदी आहे, ती दोन्ही आम्ही ठेवत नाही.

खडी आपली काळ्या दगडाची उत्तम, ती पाण्याचा पीएच बदलत नाही.

खाद्य, वीज, झाकण

खाद्य बुडणारं, ३० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं. कोळंबी निशाचर असल्याने मोठा वाटा संध्याकाळी, ताटलीत. सकाळी ताटलीत उरलं असेल तर त्या दिवशी कमी करा. पेंड, भात, पोळी नको, पाणी नासतं. बाजारातल्या कोळंबीची टरफलं किंवा धुवण टाकीत कधीच नको, त्यातून विषाणू येऊ शकतो.

लाइट गेली की बॅटरीचा एअर पंप चालू झालाच पाहिजे. पहाटे कोळंबी भिंतीवर, पाण्याच्या काठाशी चढून बसलेल्या दिसल्या तर प्राणवायू संपत आला आहे, लगेच हवा वाढवा. त्या एरवीही नळीवरून चढून बाहेर पडतात, म्हणून जाळीचं झाकण हवंच. मांजरासाठीही.

काढणी

काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात टाका. या कोळंबीच्या डोक्यातले पाचक रस मेल्यावर लगेच मांस मऊ करतात. त्याच दिवशी रस्सा करायचा नसेल तर डोकं काढूनच फ्रीजमध्ये ठेवा. कोळंबी-खेकड्याने घरात कुणाला गांधी उठत असतील, तर त्यांना ही घरचीही चालणार नाही. उरलेली जिवंत कोळंबी गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडू नका.

ज्यांना खायची नाही, फक्त पाळायची आहे, त्यांनी चेरी श्रिंप ही छोटी शोभेची कोळंबी न्यावी. ती पूर्णपणे गोड्या पाण्यात पिल्लं देते, घरात ठेवली तर नाशिकची थंडी सोसते आणि दोन फुटी काचेच्या टाकीत भागते. वरच्या औषधांच्या सूचना मात्र तिलाही तंतोतंत लागू आहेत.

यंदाच्या बीजाची नोंदणी संक्रांतीनंतर सुरू होते. येताना टाकीच्या तळाची लांबी-रुंदी लिहून आणा आणि ज्या पाण्याने टाकी भरणार त्याची एक लिटरची स्वच्छ बाटली. पाणी तपासायचे पैसे आम्ही घेत नाही.