स्वतःहून लिहिलेल्या पटकथेची कॉपीराइट नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

सातपूर-अंबडच्या कारखान्यातली पाळी संपवून, शाळेचे तास आटोपून किंवा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीवरून घरी परतल्यावर रात्री पटकथा लिहीत बसणारी मंडळी नाशिकमध्ये कमी नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना ती लिहायला कोणी सांगितलेले नसते. निर्माता ठरलेला नसतो आणि आगाऊ रक्कमही हातात पडलेली नसते. असे लेखन पुढे विकले जाईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. कायद्याच्या नजरेने मात्र या लेखकाची एक बाजू मागणीवरून लिहिणाऱ्यापेक्षा भक्कम असते, ती म्हणजे मालकी. निर्माता पैसे देऊन लिहून घेतो तेव्हा हक्क बहुधा पहिल्याच करारात त्याच्याकडे जातात. स्वतःहून लिहिलेली पटकथा पहिल्या दृश्यापासून अखेरच्या दृश्यापर्यंत लेखकाचीच असते. पुढे सांगितलेली सगळी कागदपत्रे ही मालकी निर्विवाद राहावी यासाठीच आहेत.

नोंदणीने नेमके काय मिळते

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क नोंदणीमुळे निर्माण होत नाही. तो लेखन कागदावर किंवा संगणकावर उतरताच निर्माण होतो, आणि लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मग नोंदणी कशासाठी, तर कलम ४८ प्रमाणे कॉपीराइटच्या नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे सातबाऱ्यावरून चटकन उमगेल : उताऱ्यावर नाव असल्यामुळे जमीन आपली होत नाही, पण नाव असेल तर ती आपली नाही हे सिद्ध करण्याचे ओझे समोरच्यावर पडते. योगायोग असा की, कॉपीराइट कार्यालयाकडून मिळणारे प्रमाणपत्रही 'नोंदवहीचा उतारा'च असते. पटकथा पाकिटात बंद करून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते, पण तिला या नोंदीचे वजन नाही.

संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नाही. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले की कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही कॉपीराइट नसतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी केली, या इतिहासावर उद्या शहरातल्या दहा जणांनी दहा पटकथा लिहिल्या, तरी कोणालाही दुसऱ्याला रोखता येणार नाही. प्रत्येकाची दृश्यरचना, संवाद आणि प्रसंगांची गुंफण तेवढी त्याची. त्यामुळे चार ओळींची वन-लाइन, म्हणजे कथेचा नुसता गोषवारा, नोंदवून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. दृश्यांसह पूर्ण झालेला, संवाद असलेला ड्राफ्टच नोंदवावा. शीर्षकाला स्वतंत्र कॉपीराइट मिळत नाही. त्याची नोंद निर्मात्यांच्या संघटनांकडे आणि बहुधा निर्मात्यामार्फतच होते, म्हणून लेखकाने आवडत्या नावापायी झोप उडवून घेऊ नये.

अर्ज कोण करू शकतो

लेखक, हक्कांचा मालक, ज्याच्या नावे हक्क लेखी हस्तांतरित झाले आहेत अशी व्यक्ती किंवा कायदेशीर वारस अर्ज करू शकतात. नोकरदारांना नेहमी एक शंका असते. कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेले लेखन, उलट करार नसल्यास, मालकाचे ठरते. जाहिरात संस्थेत किंवा वाहिनीत लेखक म्हणून पगार घेणाऱ्याने म्हणूनच आपले नेमणूकपत्र एकदा नीट वाचावे. यंत्र चालवणाऱ्या किंवा गणित शिकवणाऱ्या माणसाला पटकथेच्या बाबतीत ही भीती नाही.

दोघांनी मिळून लिहिले असेल तर दोघांची नावे अर्जात हवीत. पटकथा दुसऱ्याच्या कथेवर, कादंबरीवर किंवा नाटकावर बेतली असेल, तर मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी मिळवावी लागते. ६० वर्षांची मुदत मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ साली झाले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरील हक्क २०५९ अखेरपर्यंत शाबूत आहेत. आणि टोपणनावाचे म्हणाल, तर कुसुमाग्रजांच्या गावात त्याचे वावडे कोणाला असेल? तरीही अर्जात ओळखपत्रावरचे नावच लिहावे, म्हणजे पुढे दोन नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

अर्ज आणि कागदपत्रे

कॉपीराइट कार्यालय नवी दिल्लीत द्वारका येथे आहे, परंतु अर्ज त्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. त्यासाठी दिल्ली तर सोडाच, पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जाण्याचीही गरज नाही. खाते उघडून नमुना १४ भरायचा असतो. त्याला दोन विवरणपत्रे जोडलेली असतात. पहिल्यात शीर्षक, भाषा, लेखकाचे नाव व राष्ट्रीयत्व, लेखन प्रकाशित आहे की अप्रकाशित आणि हक्क कोणाकडे आहेत हा तपशील येतो. दुसऱ्यात लेखन स्वतंत्र आहे, भाषांतर आहे की रूपांतर, हे सांगावे लागते. चित्रपट न झालेली, कोठेही छापून न आलेली पटकथा 'अप्रकाशित' म्हणूनच दाखवावी. साहित्यकृतीसाठी शुल्क प्रत्येक कृतीमागे ५०० रुपये आहे. चित्रपटाच्या नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये असते. घाईत चुकीचा प्रकार निवडला तर पैसेही जातात आणि अर्जही अडकतो.

सोबत पटकथेची प्रत, अर्जदाराची सही आणि ओळखीचा पुरावा लागतो. सहलेखक असल्यास त्याचे ना-हरकत पत्र, रूपांतर असल्यास मूळ हक्कधारकाची परवानगी आणि वकिलामार्फत अर्ज असल्यास वकीलपत्र जोडावे. अप्रकाशित हस्तलिखिताच्या दोन प्रती पाठवल्यास एक शिक्का मारून परत येते व दुसरी गोपनीय म्हणून कार्यालयात राहते. पूर्ण संहिता द्यायची नसेल तर तिच्यातील काही भागही पाठवता येतो, पण वाद उद्भवला तर शिक्का असलेली पानेच कामी येतात, तेव्हा हा संकोच महागात पडू शकतो.

शुल्क भरल्यावर डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा ओळख क्रमांक, मिळतो. त्यानंतर ३० दिवस कोणाच्या हरकतीसाठी थांबावे लागते. हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकल्या जातात. न आल्यास तपासनीस अर्ज पाहतो, त्रुटी असल्यास कळवतो आणि त्या दूर झाल्यावर नोंद होते. यात महिने जातात, म्हणून डायरी क्रमांक जपून ठेवावा आणि कार्यालयाच्या पत्राला मुदतीत उत्तर द्यावे.

मधल्या काळात निर्मात्याला ऐकवायचे ठरले, तर मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंद करणे सोयीचे पडते. ही लेखकांची कामगार संघटना आहे, नोंदणी फक्त सभासदांसाठी आहे आणि तिच्या शिक्क्याने अमुक तारखेला हे लेखन अमक्याकडे होते एवढे दाखवता येते. सभासदांच्या तक्रारींसाठी तिची वादनिवारण समितीही आहे. माझ्या मते सुरुवातीचे ड्राफ्ट तेथे आणि पक्का ड्राफ्ट कॉपीराइट कार्यालयात, ही विभागणी खिशालाही परवडते. नाटकाकडून पटकथेकडे आलेल्यांनी ध्यानात घ्यावे की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र प्रयोगाची परवानगी असते, मालकीचा पुरावा नव्हे.

पटकथा विकली गेली तर

हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच झाले पाहिजे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. निर्मात्याने घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. म्हणूनच 'वेगळे काही' कुठल्या कलमात दडवले आहे ते सहीपूर्वी शोधावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही, जरी करारात तसे छापलेले असले तरी. अप्रकाशित म्हणून नोंदलेले लेखन पुढे प्रकाशित झाल्यास नोंदवहीतील तपशील बदलण्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो.