दोन बारांमधला बोळा : ठासणीच्या बंदुकीतल्या काजळीची पार्श्वभूमी

पाटण-जावळीकडच्या वाड्यांमध्ये ज्यांच्या घरी अजून परवान्याची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी घालून गजाने ठासायची बंदूक आहे, असे चार जण एकत्र बसले की एक वाद हमखास निघतो. पहिला बार झाल्यावर दुसरा भरण्याआधी नळी पुसायची की नाही? आणि पुसायची तर पाण्याने की तेलाने? तेलवाले बहुसंख्य असतात आणि पाणीवाल्यांना वेड्यात काढले जाते. मी पाणीवाल्यांचा, हे आधीच सांगून टाकतो. या वादाचे मूळ माझ्या मते एका शब्दात आहे. नळीत जे साचते त्याला आपण सरसकट काजळी म्हणतो.

काजळी म्हटले की डोळ्यांपुढे कंदिलाची काच येते. ती कोरड्या फडक्याने पुसायची, पाण्याचा हात लागला तर उलट फासली जाते. काळ्या दारूचा मळ त्या जातीचा नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. निम्म्याहून जास्त भाग घनच राहतो. त्यातला बराचसा पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो, उरलेला नळीला आतून धरून बसतो. या घन भागात न जळलेला कोळसा थोडा, बाकी बहुतेक पोटॅशियमचे क्षार : कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. नळी धुताना सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो सल्फाइडचा. दसऱ्याच्या रात्री तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंदला आतषबाजी पाहून आलेल्या माणसाच्या कपड्यांना जो वास असतो, त्याच घराण्यातला हा.

क्षार म्हणजे ढोबळपणे मीठच. मिठाने भरलेले भांडे कोणी तेल चोळून साफ करत नाही. ते पाण्यात विरघळते आणि निघून जाते. पण रंग काळा, म्हणून नाव काजळी, आणि नाव काजळी म्हणून उपाय तेल. तेलाने क्षार विरघळत नाही, तो तेलाच्या थराखाली तसाच राहतो. त्यातले कार्बोनेट हवेतली ओल ओढून घेते आणि वरून चकचकीत दिसणारी नळी आतून गंजत जाते. दोन बारांमध्ये तेल घातले तर आणखी वाईट. वरून ओतलेली दारू त्या तेलात भिजते. इंजिनातले किंवा शिलाई मशीनचे खनिज तेल असेल तर पुढच्या बाराच्या उष्णतेत डांबरासारखा चिकट लगदा तयार होतो, तो गजालाही सोडत नाही.

आमच्या आबांची बंदूक धुतानाचे मला चांगले आठवते. परसात चुलीवर हंडा, त्यात कढत पाणी. नळी दस्त्यापासून सोडवून बुडाकडचे टोक घमेल्यात उभे करायचे. गजाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून तो वरून खाली, खालून वर. गज वर ओढला की कानाच्या भोकातून, म्हणजे ठिणगी आत जाते त्या वाटेने, पाणी आत खेचले जाई आणि खाली रेटला की काळी चिळकांडी घमेल्यात उडे. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला रंग राखाडी व्हायचा, मग स्वच्छ. एकदा शेजारचा एक जण कुंपणापलीकडून ओरडला, "आबा, पाणी वतताय व्हय नळीत? गंजंल की!" आबांनी मान वर न करता सांगितले, "पाण्यानं गंजत न्हाई लेका, पाणी ऱ्हायलं की गंजतं." कढत पाणी घेण्याचे कारणही तेच. लोखंड इतके तापते की उरलेली ओल आपोआप उडून जाते. त्यानंतर मात्र खोबरेलाचा हात फिरायचा. म्हणजे तेलवाले अगदीच चूक नाहीत. त्यांचे तेल बरोबर आहे, वेळ चुकते.

ही झाली शेवटची धुणी. दोन बारांमधला बोळा ही वेगळी गोष्ट. तिथे नळीत पाणी ओतायला वेळही नसतो आणि ओतायचेही नसते. चिंधी नुसती दमट हवी, पिळली तर थेंब न पडेल अशी. जुने लोक थुंकीने ओली करत. ती एकदा खाली न्यायची, वर आणायची, उलटी करून पुन्हा एकदा, आणि मग कोरडी चिंधी. भाता हाणल्यासारखा गज वरखाली केला तर ओला मळ बुडाशी, कानाच्या वाटेत जाऊन बसतो. मग केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, फुटते, पण बार उडत नाही. या बोळ्याचे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे, त्यावर कोणी बोलत नाही. नळीत चिंधीचा किंवा दारूवर ठासलेल्या काथ्याचा धुमसता कण राहिला असेल तर तो विझतो. त्यावर ताजी दारू पडली तर काय होईल ते सांगायला नको. नळीत तोंडाने फुंकर मारण्याची सवय काही जणांना आहे. श्वासातल्या ओलीने मळ मऊ होतो हे खरे, पण भरायच्या बंदुकीच्या तोंडाला स्वतःचे तोंड लावणारा माणूस पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

बोळा दर बाराला मारायचा की चार-पाच बारांनी, याचे एकच उत्तर नाही, आणि आपल्या सातारा-सांगली जिल्ह्यांत तर नाहीच. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर माण-आटपाडी-जतकडे पाचशेच्या आसपास. श्रावणात कोयनेच्या खोऱ्यात मळ हवेतली ओल पिऊन चिखलासारखा होतो. बार भरायला त्रास नाही, पण कान दमट होतो. चैत्रात जतेला तोच मळ भाजलेल्या खापरीसारखा कडक होतो आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला गज अर्ध्यावर अडतो. घाटावरचा आणि माणदेशातला माणूस या विषयावर भांडतात तेव्हा दोघेही आपापल्या हवेपुरते खरे बोलत असतात.

नावांचा आणखी एक घोळ इथेच मिटवतो. ठासणी हे भरण्याच्या पद्धतीचे नाव आहे : दारू, काथ्या, छर्रे किंवा गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासायची. तोड्याची (धुमसत्या वातीची), चकमकीची, केपेची ही पेटवण्याच्या पद्धतींची नावे. तोड्याची जुनी बंदूकही ठासणीचीच असते. बातम्यांमध्ये ठासणीची, गावठी आणि कट्टा हे शब्द एकाच ओळीत एकाच वस्तूसाठी येतात, त्यामुळे परवाना असलेला शेतकरीही वाचणाऱ्याला गुन्हेगार वाटू लागतो.

मागे गेलो तर मळाची अडचण बंदुकीपेक्षा तोफेला मोठी, कारण दारू जास्त. १७९० ते १७९१ मध्ये धारवाडला टिपूच्या ठाण्याला वेढा पडला होता. तासगावकर पटवर्धनांची फौज आणि मुंबईकडची इंग्रजी तुकडी तिथे एकत्र होती. त्या तुकडीतल्या एका इंग्रज लेफ्टनंटाने लिहून ठेवले आहे की मराठे तोफ भरतात, मग अर्धा तास बसून गप्पा मारतात, तंबाखू ओढतात, मग ती डागतात. धूळ उडाली की समाधान मानून पुन्हा भरतात आणि पुन्हा गप्पा. दुपारच्या जेवणाला तर दोन्ही बाजू तोफा बंद ठेवतात. हा उतारा आपल्या आळसाचा पुरावा म्हणून वारंवार वापरला जातो. अर्ध्या तासाचे समर्थन मी करणार नाही. पण दर बारानंतर ओला बोळा मारणे, निखारा विझू देणे आणि तापलेली तोफ निवू देणे ही तोफखान्याची शिस्त सगळीकडेच होती, आणि लेफ्टनंटसाहेबांना त्यातल्या फक्त गप्पा दिसल्या असाव्यात.

१८५७ च्या काडतुसांच्या चरबीची गोष्ट शाळेच्या पुस्तकातच आहे, ती पुन्हा सांगत नाही. ती चरबी लावायचीच का, हे मात्र पुस्तकात नसते. तिचे कारण हाच मळ. त्याआधीच्या गुळगुळीत नळीच्या इंग्रजी बंदुकीचा व्यास ०.७५ इंच आणि गोळी साधारण ०.६९ इंच. मध्ये दीड मिलिमीटरची फट. मळ साचला तरी गोळी खाली घरंगळत जाई. नेम यथातथा, पण भरणे सोपे. १८५३ च्या आटेदार, म्हणजे नळीत आतून पिळाच्या खाचा असलेल्या रायफलीत नळी ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८. फट जवळपास संपली. एका बाराला सव्वाचार-साडेचार ग्रॅम दारू, म्हणजे सव्वादोन ग्रॅमहून अधिक घन पदार्थ. त्यातला थोडासा जरी आट्यांमध्ये राहिला तरी काही बारांनंतर गोळी उतरेना. लढाईत दर वेळी बोळा मारायला सवड कुठली? म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण. खाली जाताना गोळी मागच्या बाराचा मळ मऊ करी आणि बाहेर पडताना तो घेऊन जाई. गोळी हाच बोळा.

१८५७ च्या सुरुवातीलाच शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे अशी मुभा दिली गेली, पण तोवर विश्वास उडालेला होता. चरबी वापरण्याच्या निर्णयावर धर्माच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले. कारागिरीच्या बाजूनेही तो कच्चाच होता. इथल्या उन्हात चरबी वितळून कागदात मुरे आणि गोळी कोरडी पडे. पुढे वंगणात मेणाचे प्रमाण वाढवावे लागले आणि गोळी ०.५५ इंचांवर आणावी लागली. जी फट काढून टाकण्यासाठी एवढा खटाटोप केला, ती थोडीफार परत आणावीच लागली.

नंतर मागून भरायची काडतुसी बंदूक आली, बिनधुराची दारू आली आणि जगासाठी हा विषय संपला. आपल्याकडे तो संपला नाही, याला कारण कायदा. १८७८ च्या कायद्याने परवान्याची सक्ती आली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. ती अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे स्वरक्षणाला किंवा नेमबाजीसारख्या खेळाला मागणाऱ्याला काडतुसी बंदूक मिळू शकते, आणि रात्री भुईमुगात डुकरांचा कळप उतरतो त्या शेतकऱ्याच्या वाट्याला आधी ठासणीचीच. मला हा पंक्तिप्रपंच वाटतो. एक बार, मग चिंधी, कोरडी चिंधी, दारू, काथ्या, गज, केप. अंधारात बॅटरी बगलेत धरून हे करायला दीड-दोन मिनिटे सहज जातात. बहुतेक जण चिंधीच्या दोन पायऱ्या गाळतात, आणि तिसऱ्या बाराला गज अडकवून घरी येतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदुकीचे काम आणखी बदलले. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कडेच्या गावांत डुक्कर मारण्याचा विषय निघत नाही, बार काढायचा तो आवाजापुरता. नुसती दारू आणि काथ्या. अशा पोकळ बाराला पुढे वजन नसते, त्यामुळे दाब कमी राहतो, दारू अर्धवट जळते, आणि मळ खरवडून नेणारी गोळीही नसते. आवाजाची बंदूक मारायच्या बंदुकीपेक्षा लवकर घाण होते, आणि "गोळी कुठं सोडली" म्हणून ती धुवायची राहून जाते.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका बऱ्याचदा ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका वर्षी निरोप आला तेव्हा आदल्या रात्रीच दोन बार काढलेले होते. धुवायला वेळ मिळाला नाही, वरून तेलाचा बोळा फिरवला आणि पावती घेतली. ठाण्यातली खोली ओलीची, बंदुका कोपऱ्यात एकीला एक टेकून उभ्या. सव्वादोन महिन्यांनी परत मिळाली तेव्हा बाहेरून ठीक होती. कढत पाण्याने धुतली तेव्हा पहिले पाणी काळे निघाले, दुसरे तांबूस, आणि पुढची सात-आठ पाणी तांबूसच निघत राहिली.