नवी एसएल घ्यावी का, आणि टप अर्ध्यावर का अडकतो
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एसएल म्हणजे मर्सिडीजची टप, म्हणजे छत, उघडता येणारी स्पोर्ट्स गाडी. तिच्याबद्दल आमच्याकडे येणाऱ्या फोनचे विषय ठरलेले आहेत. एक म्हणजे, "नवी मर्सिडीज एसएल जुनीच्या तोडीची आहे का? जुनी विकून ती घेऊ का?" आणि दुसरा, बहुतेक वेळा रविवारी सकाळी, "टप अर्ध्यावर अडकलाय, कुणाला तरी पाठवा." दोन्हींची उत्तरं फोनवर घाईत देता येत नाहीत, म्हणून ती इथे छापली आहेत. हे वाचणाऱ्यांकडे एसएल आहे किंवा ती घेण्याचा विचार पक्का होत आलाय असं आम्ही धरून चालतो.

आधी पहिला प्रश्न. "जुनी" म्हणजे नेमकी कोणती, यावर त्याचं उत्तर अवलंबून आहे. एसएलच्या प्रत्येक पिढीला कंपनीचा एक क्रमांक असतो. कुणाच्या मनात १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षं निघालेली आर १०७ असते. तिचा कापडी टप हातानेच उघडायचा. कुणाच्या मनात आर १२९ असते. १९८९ च्या मार्च महिन्यात जिनिव्हात ती आली तेव्हा बटणावर दुमडणारा कापडी टप आणि गाडी उलटण्याचा धोका दिसताच सुमारे ०.३ सेकंदात वर येणारा रोल बार, म्हणजे डोकी वाचवणारा दांडा, या दोन गोष्टींनी लोकांना थक्क केलं होतं. २००१ च्या आर २३० ला दुमडणारा धातूचा टप आला, साधारण १६ सेकंदांत डिकीत जाऊन बसणारा. २०१२ च्या आर २३१ ने तोच विचार पुढे नेला. तिची बॉडी ॲल्युमिनियमची झाली आणि वजन आधीच्या गाडीपेक्षा १४० किलोपर्यंत उतरलं.

नवी म्हणजे आर २३२. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती जगासमोर आली आणि जून २०२३ मध्ये एसएल ५५ या रूपात भारतात, तेव्हाची शोरूम किंमत २.३५ कोटींपासून. ही पहिली एसएल जी संपूर्णपणे एएमजीने, म्हणजे मर्सिडीजच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या शाखेने, जर्मनीतल्या आफाल्टरबाखला विकसित केली. चारही चाकांना ताकद देणारी एसएलही हीच पहिली. चार लिटरचं व्ही-८ इंजिन, ४७६ हॉर्सपॉवर, ७०० न्यूटन मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ३.९ सेकंदांत. तुलनेसाठी सांगायचं तर १९८९ ची ५०० एसएल ३२६ हॉर्सपॉवरची होती, आणि त्या काळी तेवढी ताकद खूप मानली जायची.

आमचं मत विचाराल तर चालवण्याच्या बाबतीत नवी गाडी आधीच्या सगळ्यांच्या पुढे आहे. पण आर १०७ किंवा आर १२९ ज्यांनी मनापासून वापरली आहे त्यांना ती लगेच आपली वाटणार नाही. त्या गाड्या निवांत लांब पल्ल्याच्या होत्या. तासन् तास चालवा, अंग दुखत नाही. नवीचं सस्पेन्शन कडक आहे, नाक जमिनीला जवळ आहे, आणि सोसायटीच्या गेटमधला स्पीड ब्रेकर तिरका घ्यावा लागतो. बरीचशी बटणं जाऊन कामं स्क्रीनवर गेली आहेत. उघड्या टपाच्या गाडीत स्क्रीनवर ऊन पडणारच, म्हणून कंपनीने तो स्क्रीन १२ ते ३२ अंशांपर्यंत तिरका करता येईल असा दिला आहे. सोय चांगली आहे, पण आर १२९ चं जाड, ठसठशीत बटण न बघता सापडायचं, हेही तितकंच खरं. मागे दोन छोट्या सीट आहेत. कंपनीच म्हणते त्याप्रमाणे दीड मीटर उंचीपर्यंतच्या माणसांसाठी, म्हणजे मुलांसाठी किंवा बॅगांसाठी.

टपाच्या बाबतीत मात्र आम्ही ठामपणे नव्या गाडीच्या बाजूने आहोत, आणि टप हा आमचा रोजचा विषय आहे. आर २३० आणि आर २३१ चा धातूचा टप बंद असला की गाडी कूपेसारखी, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीसारखी शांत, पण उघडला की डिकी गिळून टाकायचा आणि वजनही मागे. कंपनीने नव्या गाडीत कापडी टप परत आणला. तो आधीच्या धातूच्या टपापेक्षा २१ किलो हलका आहे, सुमारे १५ सेकंदांत उघडतो आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालत्या गाडीतही चालतो. मागची काच खरी काच आहे, तिला हीटरही आहे. आर १२९ च्या कापडी टपाला प्लास्टिकच्या खिडक्या होत्या. आपल्याकडच्या उन्हात त्या धुरकट होतात आणि दुमडीच्या रेषेवर तडकतात. ज्यांच्याकडे अजून मूळ खिडक्या आहेत त्यांनी टप मिटवण्याआधी हाताने त्यांची घडी नीट पडतेय ना ते बघावं.

म्हणून आमचा सल्ला असा. आर २३० किंवा आर २३१ विकून नवी घेत असाल तर खुशाल घ्या, पश्चात्ताप होणार नाही. पण तुमच्याकडे नीट सांभाळलेली आर १०७ किंवा आर १२९ असेल तर ती विकून नवी घेऊ नका. जागा असेल तर दोन्ही ठेवा. त्या दोन गाड्यांची कामं वेगळी आहेत, आणि पैसे मोजून तशी जुनी पुन्हा मिळवणं दरवर्षी कठीण होत चाललंय.

आता दुसरा फोन.

टप अर्ध्यावर अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण बॅटरी, आणि टप मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण अडकल्यावर हाताने दिलेला जोर. आमच्याकडे येणारं मोठं काम बहुतांशी या एकाच चुकीतून येतं.

होतं असं. जूनपासून गाडी बेसमेंटमध्ये कव्हर घालून उभी. दसऱ्याच्या आसपास ऊन पडतं, कव्हर निघतं, घरचे जमतात, आणि इंजिन बंद ठेवूनच बटण दाबलं जातं. चार महिने उभ्या गाडीतही अलार्म, सेंट्रल लॉक आणि कंट्रोल युनिट थोडा थोडा करंट पीत असतात. बॅटरी इतकी उतरलेली असते की काचा खाली येतात, मागचं झाकण उघडतं, टप वर उचलला जातो आणि बरोबर मध्ये, सगळ्यात जड जागी येऊन थांबतो. ऑइलच्या दाबाने टप हलवणाऱ्या पंपाला त्या क्षणी लागणारा करंट बॅटरी देऊ शकत नाही. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट काम थांबवतं. तिथपर्यंत काहीही मोडलेलं नसतं. चार्जर लावला असता आणि धीर धरला असता तर टप बहुतेक वेळा आपला आपण बंद झाला असता.

पण मग ड्रायव्हर एका बाजूने, वॉचमन दुसऱ्या बाजूने, आणि "जरा जोर लावा, बसेल." टपाच्या दोन्ही बाजूंचे, ऑइलच्या दाबाने तो उचलणारे सिलिंडर एका मापात हलायला हवेत. एक बाजू दाबली आणि दुसरी नाही, की फ्रेम पिळली जाते. पिळलेली फ्रेम डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या वेळी पुढचा लॉक काचेच्या वरच्या खाचेत दोन-तीन मिलिमीटर बाजूला येतो, आणि मग टप कधीच नीट बसत नाही. पाऊस आला की त्याच कोपऱ्यातून पाणी. जे काम चार्जरवर भागलं असतं ते फ्रेम उतरवून, सरळ करून, सेन्सर पुन्हा जुळवण्यापर्यंत जातं. त्यात आमचा एक माणूस कित्येक दिवस अडकतो आणि बाकीच्या ग्राहकांची कामं मागे पडतात.

तेव्हा कृपया एवढं करा. टप नेहमी इंजिन चालू ठेवूनच उघडा आणि मिटवा. बटण शेवटपर्यंत दाबून ठेवा. मध्येच सोडलं की टप मध्येच थांबतो, नव्या गाडीतली स्क्रीनवरची पद्धतही तशीच आहे. वर पाइप किंवा बीम नाही ना बघा. धातूच्या टपाच्या गाड्यांत डिकीचं झाकण मागच्या बाजूला फिरतं, म्हणून भिंतीपासून अंतर ठेवा आणि डिकीतला, सामान टपापासून वेगळं ठेवणारा पडदा त्याच्या जागी लावा. तो लावलेला नसेल तर टप हलतच नाही, आणि "बिघाड" म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी तिथेच संपतात.

तरीही अडकलाच, तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. गाडी तिथेच राहू द्या, बॅटरीला चार्जर लावा आणि हात लांब ठेवा. काही मॉडेलमध्ये थोड्या मिनिटांनी पंप प्रेशर सोडतो आणि अधांतरी असलेला टप आपोआप खाली येऊ लागतो. त्या वाटेत बोटं असली तर चेंगरतात. हाताने बंद करण्याची ठरलेली पद्धत प्रत्येक मॉडेलला असते, तिला क्रम असतो, आणि तो हँडबुक उघडूनच करायचा असतो. पाऊस येत असेल तर ताडपत्री टाका. ताडपत्रीने फ्रेम वाकत नाही.

"मी तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो," असं पुष्कळ जण सांगतात. उभ्या गाडीत दहा मिनिटांत स्टार्टरने घेतलेला करंट जेमतेम परत भरतो, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. पावसाळ्यात गाडी उभीच ठेवायची असेल तर बॅटरीला मेंटेनर लावा. तो भरलेली बॅटरी भरलेली ठेवतो आणि मग स्वतःच थांबतो. आर २३० वाल्यांनी लक्षात ठेवावं की त्या गाडीला दोन बॅटऱ्या आहेत. गाडी झटक्यात स्टार्ट होते म्हणजे टपाला लागणारी बॅटरी ठीक आहे असं नव्हे. नव्या गाडीला तर मेंटेनर आणखी गरजेचा, कारण ती बंद असतानाही तिच्यातली युनिट जागी असतात.

बॅटरी ठीक आहे, जोरही लावला नाही, आणि तरी आर १२९ चा टप मंद झालाय, तर सीलवर, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रिंगांवर, संशय घ्या. इतक्या वर्षांत सिलिंडरमधली सील मऊ, चिकट होतात आणि ऑइल गळू लागतं. पहिली खूण पुढे, आरशाच्या वर. सन व्हायजरवर एक ओलसर डाग दिसतो आणि लोक म्हणतात पाणी गळतंय. टिश्यू पेपर लावून तो कागद रात्रभर ठेवा. पाणी असेल तर सकाळी कागद कोरडा. ऑइल असेल तर पारदर्शक डाग तसाच, बोटाला निसरडा. डाग दिसला तर टपाच्या पंपाच्या टाकीत जे हाताला लागेल ते ऑइल ओतू नका. ब्रेक ऑइल तर मुळीच नाही, त्याने उरलेली सीलही फुगतात.

इथे आमच्या पद्धतीबद्दल थोडं बोलतो, कारण तक्रार ऐकायला मिळते. एक सिलिंडर गळत असलं तरी आम्ही सगळी काढून सगळ्यांची सील बदलतो, आणि खर्च त्यामुळे वाढतो. कारण साधं आहे. सगळी सील एकाच वयाची आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला आतली लायनिंग आणि मागची पॅनल तीच उतरवावी लागतात. एक बदलून दिलं तर वर्षभरात दुसरं गळणार आणि तीच लायनिंग पुन्हा उघडायची. त्या जुन्या क्लिपा दर वेळी थोड्या तुटतात, आणि त्या मिळवायला वेळ लागतो. तसंच, फोनवर आम्ही दर सांगत नाही. आधी बॅटरी लोड लावून तपासतो, मग टप, आणि त्या तपासणीचे पैसे घेतो. काम आमच्याकडे केलंत तर ते पैसे बिलातून वजा होतात. नुसती बॅटरीच निघाली तर तसं सांगतो आणि पुढचं काही काढत नाही.

नवी एसएल वॉरंटीत असेल तर तिचा टप आम्ही उघडत नाही. ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या. आमच्याकडे तिच्यासाठी मेंटेनर बसवणं, कापडी टप धुणं आणि त्यावर पाणी न झिरपणारं कोटिंग देणं एवढंच. कापड ओलं असताना मिटवून ठेवू नका, घडीत बुरशी धरते आणि तो वास निघता निघत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन शिवणीवर मारू देऊ नका.

जुनी एसएल विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी गाडी आमच्याकडे दाखवा. विकणारा टप एकदा उघडून दाखवतो आणि आपण खूश होतो. आम्ही तो इंजिन गरम झाल्यावर, लागोपाठ, दोन्ही बाजूंनी बघत उघडतो आणि मिटवतो. पुढचे लॉक एकदम बसतात की एकामागून एक, यावरून फ्रेम कधी पिळली गेली होती का ते कळतं. आर १०७ असेल तर पेट्रोलचे रबरी पाइपही बघतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्या काळचे पाइप त्यासाठी बनलेले नव्हते.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीच्या तारखा सप्टेंबरपासून देतो आणि दसऱ्याआधीचा आठवडा लवकर भरतो. येताना दोन्ही किल्ल्या आणि हँडबुक आणा, डिकी रिकामी करून या, आणि टप बंद स्थितीत आणा. तो अर्ध्यावर अडकलेला असेल तर गाडी चालवत आणू नका. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, आम्ही पाठवतो.