दुखणं सरकतंय कुठे?

कंबरदुखीचा पेशंट फिजिओथेरपिस्टकडे येतो तो बहुतेक वेळा एमआरआयचं मोठं पाकीट घेऊनच. ‘चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलीय’ हे वाक्य तोवर त्याला पाठ झालेलं असतं. मुरलेला थेरपिस्ट पाकीट बाजूला ठेवतो आणि म्हणतो, “नेमकं कुठे दुखतं ते बोटानं दाखवा. आणि खाली कुठवर उतरतं?”

यात फोटोचा अनादर नाही. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ३,११० जणांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या वर्षी ३७ टक्के, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, तेही काही दुखत नसताना! केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. त्यामुळे फोटोत दिसलेली गादीच गुन्हेगार असं लगेच म्हणता येत नाही.

अंगाला हात लावण्याआधी काही प्रश्न विचारावेच लागतात. ताप येतो का, वजन उतरलंय का, पूर्वी कॅन्सर झाला होता का, कूस बदलली तरी रात्री दुखणं थांबत नाही का? आपल्याकडे मणक्याचा टीबीही डोक्यात ठेवावा लागतो. आणि लघवी अडकत असेल किंवा बसण्याची जागा बधिर झाली असेल, तर व्यायाम-बियाम राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

मग नसांची तपासणी. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. पायाचा अंगठा वर ताणून धरा, मी खाली दाबतो. अंगठा टिकत नसेल तर संशय कंबरेच्या पाचव्या नसेवर. चवड्यावर उभं राहता येत नसेल आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल हलत नसेल, तर तिच्या खालच्या नसेवर. उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय उचलतात तेव्हा नुसता मांडीमागचा स्नायू ताणला तर त्याला फारसा अर्थ नाही. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली सणक गेली, तर नस चिडलेली असण्याची शक्यता बरीच. दुखरा सोडून दुसरा, चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर संशय आणखी पक्का.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच तपासणी, आणि ती सापडली अपघातानं. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्याकडे एक पेशंट होता. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत कळा, तीन आठवडे उपचार करून फरक नाही. “आत जाऊन पालथे पडा,” असं मॅकेंझी म्हणाले. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या पेशंटसाठी उचललेली होती, ती तशीच राहिली. हा गृहस्थ तसाच, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत पडून राहिला. थोड्या वेळानं मॅकेंझी आत आले तर ते दृश्य पाहून हादरलेच; त्या काळी अशी कंबर मागे वाकवणं घातक समजत. पेशंट मात्र खूष! पायातली कळ गेली होती, दुखणं कंबरेच्या मध्यावर आलं होतं.

तेव्हापासून थेरपिस्ट पेशंटला एकाच दिशेनं पुन्हापुन्हा वाकायला लावून दुखणं कुठे सरकतं ते बघतात. पायातून कंबरेकडे आलं तर लक्षण चांगलं, कंबर थोडी जास्त दुखली तरीसुद्धा. उलट पावलाकडे उतरायला लागलं तर ती दिशा सोडायची. कुणाला मागे वाकून बरं वाटतं, कुणाला पुढे. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम आपल्याला लागू पडेलच असं नाही.

मानेचं गणित बरंचसं असंच. मुंग्या अंगठ्यात आल्या तर सहावी नस, मधल्या बोटात सातवी, करंगळीत आठवी. मान दुखऱ्या बाजूला कलवून डोक्यावर हलका दाब दिल्यावर हातात कळ जाते का आणि डोकं हळूच वर ओढल्यावर ती कमी होते का, हे पाहतात. पण मानेत एक जादा धोका असतो: तिथून मज्जारज्जू जातो. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली की अंगठा आपोआप आत वळतो, अशी लक्षणं एकत्र दिसली तर मज्जारज्जूच दबला असल्याची शंका घ्यायची. मग मान दुखत असो वा नसो, तिला झटका देऊन मोडायची नाही. आधी पेशंटला मणक्याच्या सर्जनकडे पाठवायचं.