नडगीतली बांधबंदिस्ती

"आतां दुखना, टीचर," म्हणजे आता दुखत नाही, असं म्हणत माझा एक जुना विद्यार्थी गेल्या रविवारी पणजीच्या पाटो-रायबंदर रस्त्यावर धावताना मला मागे टाकून गेला. मी रायबंदरहून परतले तेव्हा तो मिठागरांच्या बाजूच्या कठड्यावर बसलेला दिसला. उजव्या पायातला बूट काढलेला, मोजा खाली सरकवलेला, अंगठा नडगीच्या आतल्या कडेवर. घोट्याच्या वर साधारण चार बोटं. नेमकं कुठे दुखतं म्हणून विचारलं, तर त्याने दाबून दाखवलं आणि स्वतःच दचकला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा. तिच्या वर काही नाही, खाली काही नाही.

ही जागा माझ्या चांगली ओळखीची आहे. वास्कोला डिसेंबरात होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉन पूर्ण अंतराची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावायची असं मी तीनदा ठरवलं. पहिल्या वर्षी डेंग्यू झाला, दुसऱ्या वर्षी पोटरी भरली, आणि तिसऱ्या वर्षी डाव्या नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडात पडणारा बारीक तडा. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून मी आणखी दहा दिवस धावले. शेवटी एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली. असा तडा सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. पदार्थविज्ञान शिकवते मी.

त्या मुलाचंही तसंच. पावसाळ्यात दुखायला लागलं, तीन आठवडे सक्तीची विश्रांती घेतली, दुखणं थांबलं. मग दोन आठवड्यांत गडी थेट अठरा किलोमीटरवर. "दम तर लागत नव्हता," तो म्हणाला. खरी फसगत तिथेच झाली, आणि ती कशी झाली ते समजायचं तर हाडाच्या आत शिरावं लागेल.

आपल्या मनात हाड म्हणजे खांब. घराला चिऱ्याचा खांब तसा शरीराला हाडाचा. मोडला तर जोडायचा, झिजला तर संपला. शाळेतला एक प्रयोग आठवा. कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून माडाच्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवायचं, मधे व्हिनेगर बदलायचं. हाड रबरासारखं वाकतं. आम्लाने त्यातलं कॅल्शियमचं खनिज काढून नेलेलं असतं आणि उरतं ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं जाळं. दुसरं हाड चुलीत जाळलं तर ते आकाराने तसंच राहतं, पण बोटांत चुरतं. जाळं जळालं, खनिज उरलं. दोन्ही एकत्र असतात म्हणून हाड ताठही असतं आणि किंचित लवतंही. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी माणसाच्या जिवंत नडगीवर ताण मोजणारी पट्टी बसवून त्याला चढउतारावर पळवलं. तेव्हा दोन हजार मायक्रोस्ट्रेनच्या जवळपास ताण भरला. म्हणजे मीटरभर लांबीमागे दोन मिलिमीटर. दिसायला क्षुल्लक वाटतं, पण हे एका पावलाचं झालं. मॅरेथॉनमध्ये चाळीस हजारांच्या आसपास पावलं पडतात, त्यातली निम्मी एका पायावर.

एका पावलाने हाड मोडत नाही. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवले. कारण त्याला दिसणं शक्यच नव्हतं, क्ष-किरण सापडायला अजून चाळीस वर्षं होती. पुढे त्या पायांत बारीक तडे दिसले. ना पडणं, ना मार लागणं, नुसतं चालून हाड मोडलेलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते.

बोरीला, जुवारीच्या काठी, लहानपणी मी खाजन शेतीचे बांध पाहिले आहेत. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखलाचा बांध, पाणी आत-बाहेर सोडायला मानस. खेकडे बांधाला भोकं पाडतात, भरती-ओहोटीने माती सैल होते. अशी जागा सापडली की गडी वरून नवा चिखल थापत नाहीत. आधी सैल झालेली माती खणून काढतात, घट्ट थर लागेपर्यंत. मग नवा चिखल भरून दाबतात. म्हणजे दुरुस्ती सुरू झाली की बांध आधी अधिक कमकुवत होतो. खणून झालंय आणि भरायचं बाकी आहे, अशा वेळी पुनवेचं उधाण आलं तर संपलंच.

हाडाची डागडुजी अगदी अशीच चालते. हाडात तीन जातींच्या पेशी काम करतात. ऑस्टिओक्लास्ट खणतात, ऑस्टिओब्लास्ट भरतात, आणि ऑस्टिओसाइट राखण करतात. या राखणदारांची संख्या प्रौढ माणसात सुमारे ४२०० कोटी धरतात. प्रत्येक जण हाडाच्या आत एका सूक्ष्म खोलीत बसलेला असतो आणि त्याचे डझनावारी लांब हात बारीक नळ्यांतून शेजाऱ्यांच्या हातांना भिडलेले असतात. नळ्यांत पाणी असतं. पाऊल पडलं की हाड केसभर लवतं, दाबल्या गेलेल्या बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूकडे ढकललं जातं आणि राखणदाराच्या हातांना ओढ बसते. बाहेर ओझं किती आहे, हे त्याला या ओढीवरून कळतं.

हाडात बारीक चीर पडली की ती या नळ्या कापत जाते. पाणी पोचेनासं होतं, तिथले राखणदार मरतात. मरणाऱ्यांच्या आसपासचे राखणदार रँकल नावाचं प्रथिन वाढवून खणणाऱ्यांना बोलावून घेतात. खणणाऱ्या पेशी हाडाला घट्ट चिकटतात, आपल्याखाली आम्ल सोडून खनिज विरघळवतात आणि एका एन्झाइमने कोलॅजेन कापतात. म्हणजे आपला व्हिनेगरचा प्रयोग त्या हाडाच्या आत रोज करतात. नडगीसारख्या घट्ट हाडात त्या बोगदा पाडत जातात. बोगद्याची रुंदी सुमारे ०.२ मिलिमीटर आणि वेग दिवसाला ०.०४ मिलिमीटर. एका जागी खणण्याचं काम साधारण तीन आठवडे चालतं.

मागून भरणाऱ्या पेशी येतात. त्या बोगद्याच्या भिंतीवर आतून थरावर थर देतात, पण दिवसाला जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोगदा भरून मधे रक्तवाहिनीपुरती वाट उरायला तीनेक महिने लागतात. त्यानंतरही नवं हाड कोवळंच असतं. खनिजाचा मोठा हिस्सा पहिल्या काही आठवड्यांत बसतो, उरलेला बसायला कित्येक महिने जातात, कधी वर्षही. आणि हे काम करता करता भरणाऱ्यांपैकी काही पेशी आपणच घातलेल्या भरावात स्वतःला गाडून घेतात. त्याच पुढचे राखणदार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. गावच्या राखणदाराला आपण नारळ ठेवतो, त्याच्यावर माझी श्रद्धा असो वा नसो. पण नडगीतल्या या राखणदारांपुढे मी मनापासून हात जोडते.

आता हिशेब मांडा. खणायला तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. सराव अचानक वाढवला की अनेक ठिकाणी एकदम खणती सुरू होते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास हाड सर्वांत पोकळ असतं. नेमक्या याच काळात बाकीचं शरीर तयार झालेलं असतं. रक्तातलं पाणी एक-दोन आठवड्यांत वाढतं, स्नायूंतली ऊर्जाकेंद्रं काही आठवड्यांत वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला लागतं. दम टिकतो, वेग येतो, माणूस खूश होतो. जो पूर्वी धावलेला आहे, त्याचं हे सगळं आणखी लवकर परत येतं, आणि म्हणून दुखापतीनंतर परतणारा धावपटू नवख्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. त्याचे पाय आणि छाती जुनं अंतर मागतात, आणि नडगीत गडी अजून खणत असतात.

दुखणं थांबलं याचा अर्थही इथे पाहायला हवा. हाडाला वेदना कळते ती मुख्यतः त्याच्यावरच्या पातळ वेष्टनाला, पर्यस्थिकलेला. तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट आहे. ताण थांबला की ती शांत होते. आतले बोगदे तेव्हा उघडेच असतात. माझा विद्यार्थी तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर "दुखना" म्हणाला, ते खरंच होतं. त्याच्या हाडात तेव्हा भरायचं काम नुकतं सुरू झालं असणार. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं तर मी कुणालाच सुचवणार नाही. पहारेकऱ्याचं तोंड बांधण्यासारखं आहे ते.

मग पाय वर करून झोपून राहावं का? तेही नाही. ओझं नसेल तर राखणदार स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात, आणि ते भरणाऱ्यांना लगाम घालतं. ओझं आलं की स्क्लेरोस्टिन उतरतं, लगाम सुटतो. अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, त्याच्यामागेही ओझं नसणंच आहे. म्हणजे ओझं हवं, पण किती? अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी इथे एक नवलाची गोष्ट दाखवली. उंदराच्या पुढच्या पायावर दिवसाला ३६० वेळा ओझं द्यायचं. काहींना सगळं एका बैठकीत, काहींना ९० वेळा असं चार बैठकांत, मधे काही तासांचा अवकाश. ओझं तेवढंच, पण वाटून दिलेल्यांचं हाड जास्त बळकट झालं. कारण राखणदार लवकर बधिर होतात. काही डझन झटक्यांनंतर पुढचे झटके त्यांच्या लेखी नसल्यासारखे. पुन्हा कान उघडायला काही तास जावे लागतात. तासभर एका लयीत धावणाऱ्याच्या हाडाने बोध घेतलेला असतो तो पहिल्या काही मिनिटांचा. पुढची पन्नास मिनिटं शिकवण नाही, नुसती झीज.

तिथल्याच आणखी एका प्रयोगात पाच आठवडे असं थोडं थोडं ओझं दिल्यावर हाडाची ताकद मोजली. ती दुपटीहून कमीच वाढली होती. पण तेच हाड मोडेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबलं, तेव्हा ते आधीपेक्षा शंभरपटीहून अधिक वेळा टिकलं. नेमक्या मोक्याच्या जागी घातलेला जरासा भराव एवढं करतो! यामागचं गणित असं की हाडाचं थकणं ताणाच्या सहाव्या-सातव्या घाताने बदलतं. ताण दहा टक्के उतरला तर हाड साधारण दुप्पट आवर्तनं सोसतं. पाऊल जरा आखूड टाकावं म्हणतात ते याच कारणाने. पावलांची संख्या थोडी वाढते, पण प्रत्येक पावलाचा ताण उतरतो आणि हिशेब फायद्यात जातो. (घात आवडत नसतील त्यांनी एवढंच ठेवावं: आखूड पाऊल.)

माझी तिसरी दुखापत झाली तेव्हा घरात साडेसातीचा विषय निघाला. शनीला तेल घाल, असं प्रेमाने सांगणारी माणसं माझीच आहेत, त्यांच्यावर मी रागावत नाही. पण शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि माझ्या नडगीतल्या बोगद्याला चार महिने. दुखापतीचं वेळापत्रक दुसऱ्या घड्याळाशी जुळतं. हाडसांधीचा पाला बांधून वर जोराने मालीश करून घेणाऱ्यांना तर मी हात धरून थांबवते, कारण तड्यावर दाब देणं हा उपचारच नव्हे. आणि जे शनीला हसतात ते कोलॅजेनच्या पावडरीला हजारो रुपये मोजतात. पोटात गेल्यावर ती इतर प्रथिनांसारखीच तुकडे होऊन पचते, नडगीचा पत्ता तिला ठाऊक नसतो. त्यापेक्षा पोटभर जेवावं. श्रावणातले उपास आणि वाढता सराव एकत्र आले की शरीर ऊर्जा वाचवायला हाडाचं बांधकाम आधी थांबवतं. धावणाऱ्या मुलीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ती हाडाची धोक्याची घंटा आहे. ही गोष्ट लाजून लपवू नये, डॉक्टरांना सांगावी. जांघेत खोल दुखत असेल तर एक दिवसही धावू नये. खुब्याजवळचा तडा सरकला तर शस्त्रक्रियेची पाळी येते.

पॉला रॅडक्लिफ ही ब्रिटनची मॅरेथॉनमधली फार मोठी धावपटू. २००८च्या उन्हाळ्यात तिच्या मांडीच्या हाडात असाच तडा गेला. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकला ती धावली, पण पुरता सराव झालेला नव्हता आणि ती २३वी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

त्या दिवशी मी विद्यार्थ्याला पाटोपर्यंत स्कूटरवर सोडलं आणि सोमवारी अस्थितज्ज्ञांकडे जा म्हणून बजावलं. एमआरआयमध्ये जुन्याच जागी सूज निघाली. आता सहा आठवडे कांपालच्या पोहण्याच्या तलावात पाण्यातलं धावणं. मग दुखल्याशिवाय भरभर चालता आलं, एका पायावर उडी मारता आली, की एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल, एक दिवसाआड. त्याची यंदाची वास्को गेली. माझीही यंदा एकवीस किलोमीटरचीच. मी सकाळी शाळेला निघण्याआधी अंगणात चाळीस उड्या मारते, आणि संध्याकाळी दिवेलागणीला आणखी चाळीस.